नदीतली लाट आणि होल: कयाक सर्फिंगमधल्या या चुका टाळा

कोलाडला कुंडलिकेत पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून. मुळशी धरणाचं हे पाणी सकाळी सुटतं, काही तास टिकतं, म्हणून कयाक घेऊन लाटेवर एका जागी सर्फ करायला येणाऱ्या सगळ्यांना घाई. बहुतेक चुका याच घाईतून होतात.

हिरव्या, म्हणजे फेस न फुटलेल्या लाटेवर तोल गेला तर लाट तुम्हाला सरळ खाली सोडून देते. होलचं तसं नाही. खडकावरून पडलेलं पाणी तळाशी जातं आणि वरचं फेसाळ पाणी उलटं खडकाकडे येतं. तेच बोट धरून ठेवतं. आधी लाट, भरवशाचा रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं), मगच होल. हा क्रम मोडणाऱ्याला मी माझ्यासोबत होलमध्ये उतरू देत नाही.

होलची टोकं न बघता शिरणं ही रोजची चूक. नदीच्या वरच्या अंगाला उभं राहून बघा. टोकं खाली, प्रवाहाच्या दिशेने वळलेली असतील तर कडेला सरकताच पाणी बाहेर काढतं. टोकं वर, तुमच्याकडे वळलेली असतील तर तोच होल पुन्हा पुन्हा मध्यावर आणून टाकतो. खालच्या एडीतून, म्हणजे खडकाआडच्या संथ पाण्यातून, हे चित्र उलटं दिसतं, आणि लोक नेमके तिथेच बसून ठरवतात. मी काठाने वर जातो, नारळाचं सोडण फेकतो आणि ते कुठून सुटतं ते बघतो. सुटलंच नाही तर तो होल सोडून पुढे जातो.

आता बंधारे. कोल्हापुरी बंधाऱ्याखाली सर्फिंग करायचंच नाही, यात मला वाद नको. परतीच्या पावसात घाटापलीकडच्या एका नदीवर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) लावलेल्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत होतं. पडणारं पाणी जेमतेम कमरेइतकं, फेस एकसारखा, दिसायला देखणा. चांगला रोल येणारा एक मुलगा नको म्हणत असताना शिरला. बोट आडवी झाली, ब्रेस, म्हणजे वल्ह्याचा पाण्यावरचा आधार, त्याने अगदी बरोबर धरला, पण जाणार कुठे? बंधाऱ्याला टोकं नसतात. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ भिंत. शेवटी स्कर्ट (बोटीचं तोंड बंद ठेवणारं कमरेचं आवरण) ओढून तो बाहेर पडला. डोकं वर यायचं, दोन हात मारायचा, फेस त्याला परत भिंतीकडे ओढायचा. पहिली थ्रो बॅग (फेकायची दोरीची पिशवी) अलीकडेच पडली. दुसरी त्याच्या हातात आली आणि काठावरच्या आम्ही सगळ्यांनी ओढला. बोट संध्याकाळपर्यंत भिंतीवर आपटत होती.

बाकीच्या थोडक्यात. होलमध्ये आडवे असताना वरच्या प्रवाहाकडची कड उचललेलीच ठेवा. ती बुडाली की उलटलात. कोपर खांद्याच्या वर नेऊ नका, खांदा निखळतो. लो ब्रेस, म्हणजे वल्हं खाली ठेवून घेतलेला आधार, वापरा. वरून राफ्ट येत असेल तर वाट तिची. बोटीतून सुटलात तर वाहत्या पाण्यात उभं राहू नका, पाय खडकात अडकतो. होल सोडतच नसेल तर अंग गोळा करून खाली जा, बाहेर जाणारं पाणी तळाशी असतं.

आणि गेल्या खेपेच्या ओळखीवर जाऊ नका. ऋषिकेशला टिहरीतून सुटणाऱ्या पाण्याने गंगेची पातळी बदलते, तशीच इथे भिऱ्याच्या पाण्याने. काल सहज सोडणारा होल आज धरून ठेवू शकतो. मी पाण्याकाठचा एक दगड खुणेला धरतो आणि तो कितपत बुडालाय ते बघूनच बोट उतरवतो.