समुद्र ओलांडायची घाई करू नका

माझ्या जावयाचा मूळपुरुष 1630च्या दशकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला, एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं. निवृत्तीनंतर त्याचं इंग्लंडमधलं घराणं शोधायचं काम मी अंगावर घेतलं आणि पहिले आठ महिने वाया घालवले. एका आयत्या वंशवृक्षात इंग्लंडमधल्या सफक परगण्यातला, त्याच नावाच्या मुलाचा 1609चा बाप्तिस्मा होता. तो उचलून मी मागच्या चार पिढ्याही लिहून काढल्या. मग त्याच चर्चच्या नोंदवहीची पुढची पानं चाळली, तर 1611मध्ये त्या पोराचं दफन! बाप्तिस्मा सापडला की आधी दफनं बघा.

खरं तर इंग्लंडला सुरुवातीला हातच घालायचा नाही. आजपासून एकेक पिढी मागे जा. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा हुकूम 1639चा, पण सगळं नोंदलं गेलं असं नाही. उरलेलं मृत्युपत्रांत आणि जमिनीच्या खतांत मिळतं. ती वाचताना नात्यांचे शब्द जपून घ्या. तिथला ‘सन-इन-लॉ’ कधी जावई असतो, कधी सावत्र मुलगा. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही निघतो. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ बापलेकच असतील असं नाही. एका गावात एकाच नावाचे थोरला-धाकटा असले तरी तसंच लिहीत, आणि थोरला गेला की धाकटा सीनियर व्हायचा.

तारखांनी मला सगळ्यात जास्त छळलं. 1752पर्यंत इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे एप्रिल 1631मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1631मध्ये बाळाचा बाप्तिस्मा दिसला तर भुवया उंचावू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1632चा. प्युरिटन, म्हणजे तिथे वसलेली कडव्या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी, महिन्यांची नावं टाळून आकडे लिहीत. त्यांचा पहिला महिना मार्च, बारावा फेब्रुवारी. मी तारीख मुळात जशी आहे तशीच उतरवतो, आपलं साल शेजारी पेन्सिलीने.

1620 ते 1640 या काळात सुमारे 20,000 माणसं न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत गेली, पण प्रवाशांच्या याद्या थोड्याच टिकल्या. 1635ची लंडन बंदराची यादी आहे, तीही एकाच बंदराची. नाव नाही मिळालं तर खट्टू होऊ नका, शेजारी बघा. माणसं एकेकटी जात नसत. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या हिंगहॅमची कितीतरी कुटुंबं मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅमला एकमेकांच्या आगेमागे वसली. अब्राहम लिंकनचा पूर्वज सॅम्युएल लिंकन तिथलाच. तुमच्या माणसाच्या जमिनीला कोणाची हद्द लागते, मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, याची यादी करा आणि त्यांची इंग्लंडमधली गावं शोधा.

मग कुठे समुद्र ओलांडायचा. चर्चच्या नोंदवह्या 1538पासूनच्या, पण बऱ्याच गावांच्या सुरुवातीच्या वह्या हरवल्या आहेत. कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयातली मृत्युपत्रं लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अक्षर किचकट, मला पहिलं पान लावायला पाच दिवस लागले.

आमचा माणूस अखेर तिथेच सापडला, त्याच्या सासऱ्याच्या मृत्युपत्रात. न्यू इंग्लंडमधल्या मुलीला पाच पौंड, जावयाला छदाम नाही. आमच्या जावयाला मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.