कॅम्पेनमध्ये कॅरेक्टर मेलं तर टेबल कसं सांभाळावं?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रोलप्लेइंगचा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळण्याचा, एखादा ग्रुप दोन-तीन वर्षं टिकणं हीच मुळात मोठी गोष्ट. रविवारचा मेगाब्लॉक, कुणाची शिफ्ट, कुणाच्या घरी पाहुणे. इतक्यातून जगलेल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या एकाच गोष्टीत, कॅरेक्टर (खेळाडूचं पात्र) मेलं की नुसती त्याच्या माहितीची शीट बाजूला ठेवून भागत नाही. त्याने दिलेला शब्द, घेतलेलं कर्ज, केलेले शत्रू सगळे मागे उरतात, आणि ते इतके दिवस खेळणारा माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो. हे लिहिलंय ते डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी. नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत.

१. आधी विचारून घ्या

कॅम्पेन सुरू होण्याआधीच प्रत्येकाला विचारा: साध्या चकमकीत फाशांमुळे मरण आलेलं चालेल का? मेलेल्याला परत आणता यावं का? कुठल्या प्रकारचं मरण टेबलावर नकोच? ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, त्याच्यासाठी हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. व्हॉट्सअॅपवर पोल टाकून उरकू नका. ग्रुपमध्ये सगळेच ‘चालेल’ म्हणतात. कॅरेक्टर पाचव्या-सहाव्या लेव्हलला (ताकदीच्या पायरीला) पोचलं की पुन्हा विचारा, कारण तोवर जीव जडलेला असतो.

२. नियम पाठ ठेवा, फासे उघड्यावर टाका

हिट पॉइंट (कॅरेक्टरमध्ये किती जीव उरला, त्याचा आकडा) शून्यावर आले की खेळाडू आपल्या प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो. १० किंवा जास्त आलं तर यश. तीन यशं मिळाली की जीव स्थिरावतो, तीन अपयशं आली की मृत्यू. १ आला तर दोन अपयशं धरतात. २० आला तर एक हिट पॉइंट घेऊन कॅरेक्टर शुद्धीवर येतं. शून्यावर पोचल्यावर उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल, तर जागीच मरण. सातच कमाल असलेल्या जादूगाराकडे दोन उरलेत आणि ९ चा फटका बसला, की संपलं. पहिल्या लेव्हलला हे सहज घडतं.

पडद्याआड फासा बदलून कुणाला वाचवू नका. खेळाडूंना ते कळतंच, आणि मग कुठल्याच राक्षसाची भीती उरत नाही. दया दाखवायची तर नियमातच सोय आहे: जवळून मारलेल्या घावाने कुणी शून्यावर आलं, तर मारणारा त्याला ठार न करता बेशुद्ध पाडू शकतो. शत्रूला कैदी हवा असू शकतो, खंडणी हवी असू शकते.

३. पुढचा तास सांभाळा

बहुतेक डीएम इथेच घसरतात. कॅरेक्टर मेलं की आधी खेळ थांबवा. शेवटचा क्षण कसा होता, हे त्या खेळाडूलाच सांगू द्या. मग चहा. त्यानंतर त्याच्या हातात लगेच काहीतरी द्या: सोबतचा वाटाड्या, भाडोत्री सैनिक, नाहीतर सरळ शत्रूचीच बाजू. नेरुळहून ट्रान्स-हार्बरने आलेल्या माणसाने उरलेले दोन तास मोबाइल बघत बसावं, हे बरोबर नाही.

४. परत आणायचं का?

मेलेल्याला जिवंत करणाऱ्या मंत्रांपैकी ‘रिव्हिव्हिफाय’ला मरणानंतर एका मिनिटाची मुदत आणि ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे लागतात, ‘रेझ डेड’ला दहा दिवस आणि ५०० चा हिरा. दोन्हींत हिरे खर्ची पडतात. म्हणजे मरण किती स्वस्त, हे तुमच्या जगात हिरे किती मिळतात त्यावर ठरतं, आणि ते तुमच्या हातात आहे. मोठ्या शहरातल्या एकाच सराफाकडे एकच हिरा असेल, तर त्यासाठीच दोन सेशन जातील. झकास जातील.

पण त्याआधी खेळाडूला बाजूला घेऊन विचारा. ‘रेझ डेड’मध्ये आत्म्याची इच्छा लागते, आणि कित्येकदा बाकीची पार्टी (कॅरेक्टरांची टोळी) सोनं गोळा करत असताना या पठ्ठ्याला मनातून नवं कॅरेक्टरच हवं असतं.

५. नवं कॅरेक्टर

लेव्हल बाकीच्यांइतकीच द्या. खाली उतरवणं म्हणजे दुसऱ्यांदा शिक्षा. मेलेल्याच्या अपुऱ्या गोष्टी वहीत लिहून काढा. एक धागा नव्या कॅरेक्टरला द्या (कर्ज वसूल करायला आलेला सावकार उत्तम), एक पार्टीच्या गळ्यात घाला, बाकीचे सोडून द्या. जादूची तलवार कुणाकडे जाणार, हे वाटपाआधी जुन्या मालकाला, म्हणजे खेळाडूला, विचारा. नव्या कॅरेक्टरचं सामान आणि जुन्याचा वारसा दोन्ही एकाच पिशवीत गेले तर उरलेले कुरकुरतात.

सगळी पार्टीच एकदम मेली, तर त्या रात्री काही ठरवू नका. लोक दमलेले असतात, शेवटची गाडी गाठायची असते. कॅम्पेन थांबवायचं, की त्याच जगात वीस वर्षांनंतर नवी माणसं उतरवायची, हे दोन-चार दिवसांनी फोन करून विचारा.