एक मशीन, अनेक कॉम्प्युटर: डिस्क इमेज घेण्याआधीची तयारी कशी करावी

वीस-तीस कॉम्प्युटरवर तेच विंडोज, तीच सॉफ्टवेअर आणि त्याच सेटिंग पुन्हा पुन्हा करत बसायचं नसेल, तर एक मशीन नीट तयार करायचं, त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्याची प्रत, घ्यायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. यातलं इमेज घेणं सोपं असतं, ते काम सॉफ्टवेअर करतं. खरी मेहनत त्याआधी असते. मास्टर मशीनवर हवं ते सगळं राहिलं पाहिजे, पण 'मी अमुक कॉम्प्युटर आहे' ही त्याची ओळख मात्र पुसली गेली पाहिजे.

ही ओळख पुसण्याचं विंडोजमधलं टूल म्हणजे सिसप्रेप. ते टाळून सरळ क्लोन केलं, म्हणजे डिस्कची आहे तशी प्रत केली, तर चालतं का, हा जुना वाद. प्रत्येक विंडोज इन्स्टॉल होताना स्वतःसाठी एक सुरक्षा क्रमांक, म्हणजे एसआयडी, तयार करतं. क्लोन केलं की तोच क्रमांक सगळीकडे जातो. तो बदलण्यासाठी न्यूएसआयडी नावाचं टूल होतं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टमधले तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ते बंद केलं. मशीनचा एसआयडी सारखा असल्याने व्यवहारात काही अडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर विसंबून अनेकांनी सिसप्रेपला फाटा दिला आणि त्यांचं बरीच वर्षं निभावलंही. पण २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या, तसंच विंडोज सर्व्हर २०२५, सारखा एसआयडी असलेल्या मशीनमधलं लॉगिन नाकारू लागले. पासवर्ड बरोबर असतो, तरी शेअर केलेला फोल्डर उघडत नाही की रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही. त्यामुळे माझ्या मते हा वाद आता संपला आहे. सिसप्रेप करायचंच.

मास्टर कुठे तयार करायचं?

शक्यतो व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये. त्यात कुठल्याही एका कंपनीच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर घुसत नाहीत, आणि प्रत्येक टप्प्यावर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, घेता येतो. सिसप्रेप बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत यायला दोन मिनिटं लागतात, खऱ्या मशीनवर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. व्हर्च्युअल मशीन यूईएफआय (बूट करण्याची नवी पद्धत) प्रकारचंच घ्या. ज्या कॉम्प्युटरवर इमेज जाणार तेही बहुधा त्याच प्रकारचे असतात.

विंडोज कोरं इन्स्टॉल करा, आणि तेही सर्वांत ताज्या आयएसओवरून (इन्स्टॉलेशनची फाइल). जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेलं मशीन मास्टर म्हणून घेऊ नका. विंडोजची एडिशन आणि लायसन्स याच वेळी ठरवून टाका. एकाच इमेजवरून अनेक मशीन उभी करण्याचा हक्क साधारणपणे व्हॉल्यूम लायसन्ससोबत (संस्थांना अनेक मशीनसाठी मिळणारं लायसन्स) येतो. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेल्या विंडोजच्या भरवशावर हे करू नका.

ऑडिट मोडमध्ये शिरा

इन्स्टॉल झाल्यावर देश आणि कीबोर्ड विचारणारा पहिला स्क्रीन येतो. तिथे काहीही न निवडता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबा. मशीन रीस्टार्ट होऊन अंगभूत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यात उघडतं. हाच ऑडिट मोड. इथे नवीन युजर तयार करावा लागत नाही, त्यामुळे कोणाच्या नावाचा कचरा इमेजमध्ये जात नाही. सिसप्रेपची एक छोटी खिडकी समोर येईल, ती रद्द करा. मशीन कितीही वेळा रीस्टार्ट केलं तरी ते ऑडिट मोडमध्येच परत येतं.

या काळात इंटरनेट बंद ठेवा. कारण मायक्रोसॉफ्ट स्टोअरची अ‍ॅप पाठीमागे गुपचूप अपडेट होतात. ती अ‍ॅप एका युजरपुरती बसतात, सगळ्यांसाठी नाही, आणि शेवटी सिसप्रेप नेमकं त्यांच्यावर अडतं. सिसप्रेप फसण्याचं हे कारण सर्वांत जास्त वेळा दिसतं. ताजी आयएसओ वापरायची ती यासाठीही, म्हणजे अपडेटसाठी नेट लावण्याची गरजच फारशी पडत नाही. काही अपडेट राहिलीच तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून फाइल उतरवा आणि पेनड्राइव्हवरून बसवा.

काय बसवायचं, काय नाही

सगळ्यांना लागणारं तेवढंच बसवा. ऑफिसचा संच, ब्राउझर, पीडीएफ वाचक, फॉन्ट, मराठी कीबोर्ड. फक्त एका विभागाला लागणारं सॉफ्टवेअर नंतर वेगळं टाका. इमेज जितकी हलकी, तितकी ती जास्त दिवस टिकते.

अँटिव्हायरस, बॅकअप आणि दूरनियंत्रणाची सॉफ्टवेअर यांबाबत सावध राहा. ती पहिल्यांदा सुरू होतानाच सर्व्हरकडे नोंदणी करून स्वतःचा वेगळा आयडी घेतात, आणि तो आयडी सिसप्रेप पुसत नाही. मग तीस मशीन सर्व्हरवर एकच म्हणून दिसतात आणि कोणत्या मशीनमध्ये व्हायरस आहे हे कळत नाही. अशी सॉफ्टवेअर इमेज उतरवल्यावर बसवणं उत्तम. नाहीच जमलं तर त्या कंपनीची इमेजसाठीची सूचना शोधून आयडी आधी पुसून घ्या.

मास्टर डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या नेटवर्कला) जोडू नका, वर्कग्रुपमध्येच ठेवा. ब्राउझरमध्ये कुठेही लॉगिन करू नका आणि वाय-फायचा पासवर्डही टाकू नका.

सिसप्रेपच्या आधीची तपासणी

पहिली गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन न सांगताही सुरू झालेलं असू शकतं. सी ड्राइव्हची स्थिती पाहा. एन्क्रिप्शन असेल तर बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. अर्धवट अवस्थेत सिसप्रेप चालत नाही.

अपडेटमुळे रीस्टार्ट बाकी असेल तर तो उरकून घ्या. मग डिस्क क्लीनअप चालवा, डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामे करा. इन्स्टॉल करताना वापरलेल्या सेटअप फाइल डेस्कटॉपवर हमखास पडून राहतात, त्याही काढा.

आता व्हर्च्युअल मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या. पुढच्या महिन्यात इमेज ताजी करायची झाली तर सुरुवात या स्नॅपशॉटपासून करायची, सिसप्रेप केलेल्या प्रतीपासून नाही.

सिसप्रेप चालवा

टूल विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ मध्ये, सिसप्रेप नावाच्या फोल्डरात असतं. उघडल्यावर 'आउट ऑफ बॉक्स एक्सपीरियन्स' हा पर्याय निवडा, 'जनरलाइझ'वर खूण करा आणि शेवटी 'रीस्टार्ट'ऐवजी 'शटडाउन' निवडा. जनरलाइझ हीच कळीची खूण आहे. एसआयडी, कॉम्प्युटरचं नाव, त्या हार्डवेअरचे ड्रायव्हर, इव्हेंट लॉग हे सगळं तीच काढते. केएमएस, म्हणजे संस्थेतली विंडोज मशीन अ‍ॅक्टिव्हेट करणारा सर्व्हर, मशीन मोजायला जो आयडी वापरतो, तोही तीच नव्याने तयार करवते. केएमएसला विंडोजचे किमान २५ वेगवेगळे क्लायंट दिसावे लागतात. सगळ्यांचा आयडी एकच राहिला तर मोजणी पुढे सरकत नाही आणि अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही.

चूक दाखवून टूल थांबलं तर अंदाज बांधत बसू नका. त्याच फोल्डरात पँथर नावाचा फोल्डर आहे. तिथल्या सेटअपअ‍ॅक्ट या लॉग फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. एखाद्या स्टोअर अ‍ॅपचं नाव दिसलं तर पॉवरशेलमधून (विंडोजमधली कमांड देण्याची खिडकी) ते अ‍ॅप काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

मशीन बंद झालं की ते त्याच डिस्कवरून पुन्हा चालू करू नका. एकदा जरी सुरू झालं तरी विंडोज लगेच नवी ओळख घेतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

इमेज घ्या

आता बूट करायचं ते पेनड्राइव्हवरून किंवा आयएसओवरून. इथे दोन रस्ते आहेत. क्लोनझिला फुकट आहे, मेनूवर चालतं आणि लिनक्सलाही चालतं. पण ते पार्टिशनची जशीच्या तशी प्रत करतं, त्यामुळे ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. म्हणून मास्टरची व्हर्च्युअल डिस्क मुद्दाम लहान ठेवा.

दुसरा रस्ता विंडोज पीई (पेनड्राइव्हवरून चालणारं छोटं विंडोज) आणि त्यातल्या डिस्म या टूलचा. डिस्म फाइल पातळीवर काम करून एक डब्ल्यूआयएम (विंडोज इमेज) फाइल बनवतं, त्यामुळे डिस्कच्या आकाराचं बंधन राहत नाही. पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल ते आपोआप वगळतं. मला हाच रस्ता बरा वाटतो, कारण या फाइलमध्ये नंतर मशीन न चालवताही अपडेट आणि ड्रायव्हर घालता येतात. फक्त पीईमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, सी म्हणजे विंडोजच असं धरू नका. आणि डब्ल्यूआयएम ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मावत नाही. ती तुकड्यांत तोडायची किंवा एनटीएफएस फॉरमॅटच्या ड्राइव्हवर ठेवायची.

आधी एकाच मशीनवर

नव्या मशीनवर डिस्कपार्टने पार्टिशन पाडा, डिस्मने इमेज उतरवा आणि बीसीडीबूटने बूटच्या फाइल लिहा. सुरू करताच डिस्क सापडत नसल्याचा निळा स्क्रीन आला तर संशय स्टोरेजच्या ड्रायव्हरवर घ्या. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बायोसमधली व्हीएमडी किंवा रेड (डिस्क हाताळण्याची) सेटिंग चालू असते. तिचा ड्रायव्हर उतरवलेल्या इमेजमध्ये डिस्मनेच घाला.

लिनक्सची इमेज असेल तर सिसप्रेप नाही, पण तत्त्व तेच. ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, एसएसएच (दूरवरून लॉगिन करण्याची सोय) सर्व्हरच्या होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या फाइल, काढा आणि त्या पहिल्या बूटला नव्याने तयार होतात ना, ते पाहा.

विंडोजची दोन मशीन उभी राहिली की प्रत्येकावर स्थानिक खात्याने लॉगिन करून कमांड प्रॉम्प्टमध्ये हूअ‍ॅमआय ही कमांड युजर पर्यायासह (whoami /user) चालवा. समोर आलेल्या एसआयडीचा शेवटचा गट सोडून आधीचे लांब आकडे दोन्हीकडे वेगळे हवेत. ते सारखेच दिसले तर जनरलाइझची खूण राहून गेली आहे. स्नॅपशॉटवर परत जा आणि तिथून पुढे चला. वेगळे असतील तर बाकीची मशीन रांगेत लावायला हरकत नाही. एकच इमेज एकदम अनेकांवर पाठवायची असेल तर क्लोनझिला किंवा फॉग या टूलचं मल्टिकास्ट (एकाच वेळी सगळ्यांना पाठवणं) वापरा, त्यासाठी इमेजही त्याच टूलने घेतलेली हवी. पण ते वाय-फायवर नको, केबलवरच.