गेलिक डोंगर-दलदलींच्या नावांचे अर्थ लावताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये ट्रेकला गेलं की नकाशावरच्या गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतल्या, नावांचे अर्थ शोधावेसे वाटतातच, आणि शोधावेतच, पण मोबाईलवर एकेक शब्द ट्रान्सलेट करून जोडलात की हमखास फसाल.

पहिली गडबड 'मोर' आणि 'बेक'ची. मोर म्हणजे मोठा, बेक म्हणजे छोटा, म्हणून मोर जास्त उंच असं धरून चालू नका. बेन नेव्हिस या डोंगराच्या शेजारी दोन डोंगर आहेत, ऊनख मोर 1221 मीटर आणि ऊनख बेक 1234 मीटर, म्हणजे छोटाच उंच! इथे मोठेपणा पसाऱ्याचा आहे, उंचीचा नाही.

डिक्शनरीत शब्द सापडत नाही म्हणून सोडून देऊ नका. 'बेन' म्हणजे डोंगर हा शब्द गेलिकमध्ये स्त्रीलिंगी, त्यामुळे पुढचं विशेषण बदलतं, आपल्याकडे मोठा-मोठी होतं तसं, फक्त तिकडे बदल शब्दाच्या सुरुवातीला होतो. मोरच्या एमनंतर एच येतो आणि उच्चार होतो 'वोर'. तो एच काढून मग शोधा, लगेच सापडेल.

रंगांच्या बाबतीत तर फारच सांभाळून. 'गोरम' म्हणजे निळा, पण हिरव्यागार गवतालाही गोरमच म्हणतात, 'ग्लास' राखाडीही आणि हिरवटही. आणि केर्नगॉर्म (यातलं 'गॉर्म' म्हणजे हेच गोरम, निळं) हे मुळात एका शिखराचं नाव, ते अख्ख्या रांगेला चिकटलं, रांगेचं स्वतःचं गेलिक नाव आहे 'अम मोनाग रुआग', म्हणजे तांबूस डोंगररांग. निळी आणि तांबूस एकाच ठिकाणी कशी, याचं उत्तर एवढंच. लॉखनागारचंही तसंच, ते नाव खालच्या तळ्याचं, डोंगराला नंतर मिळालं.

दलदलीची नावं मात्र चुकवू नकाच, कारण इथे अर्थ चुकला तर बूट भरतात. 'फे' शोधलं तर शीर, स्नायू असं काहीतरी येईल, पण नकाशावर फे म्हणजे दलदलीतून जाणारा संथ, चिखलाळ ओहोळ. 'ब्लार'ला रणांगण म्हणतात, म्हणून प्रत्येक ब्लारला लढाई झाली असं समजू नका, बऱ्याचदा ती नुसती सपाट ओली जमीन असते. 'मोन्या' म्हणजे पीट, कुजलेल्या वनस्पतींची ओली काळी माती, आणि मोन्या वोर एक आरगाइलमध्ये किलमार्टिनजवळ अगदी सखल भागात आहे, दुसरं केर्नगॉर्मच्या उंच पठारावर, त्यामुळे नाव सांगताना भागही सांगा.

आणि प्रत्येक नाव गेलिकच असेल असंही नाही. रम बेटावरच्या आस्किवाल डोंगराचं नाव नॉर्स, म्हणजे वायकिंगांच्या भाषेतलं आहे, त्यात गेलिक मुळं शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

शंका आली की स्कॉटलंडच्या गेलिक स्थळनावांचा ऑनलाइन डेटाबेस बघा, आणि 19व्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे बनवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी भरलेली नेम बुक्स, म्हणजे स्थळनावांच्या नोंदवह्याही बघा, त्यात स्थानिकांनी सांगितलेले अर्थ लिहिलेत, फक्त स्पेलिंग बऱ्याचदा कानाला ऐकू आलं तसं आहे.