मूठभर छिंगहाव, दोन शंग पाणी

नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनशास्त्रात नव्याने आलेल्यांच्या हाती जुना ग्रंथ पडला, की ते आधी त्यातली वनस्पती टिपून घेतात. क्रियापदाकडे लक्षच जात नाही. चौथ्या शतकातल्या गे हॉंग या चिनी वैद्याची हिवतापावरची कृती बघा: मूठभर छिंगहाव (एक चिनी औषधी वनस्पती) दोन शंग (साधारण 400 मिली) पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा पिऊन टाका. उकळण्याचं नाव नाही. 1971 मध्ये बीजिंगमध्ये संशोधक थू योयो यांचं लक्ष याच गोष्टीकडे गेलं आणि त्यांनी काढ्याऐवजी 35 अंशांच्या आतच उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. त्यातून पुढे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध मिळालं आणि 2015 चं नोबेलही.

दुसरी अडचण नावाची. त्यासाठी औषधी ग्रंथांपेक्षा ‘बीजी’ म्हणजे कुंचल्याने लिहिलेली सुटी टिपणं वाचावीत. अकराव्या शतकातल्या शेन क्वो या चिनी विद्वानाने अशाच टिपणांत लिहून ठेवलंय, की छिंगहाव दोन जातींची: एक पिवळसर, एक हिरवी; शरद सरत आला की बाकीच्या पिवळ्या पडतात, ही मात्र हिरवीच राहते, आणि जुन्या लोकांना हीच अभिप्रेत असावी. निरीक्षण झकास, पण त्यावर विसंबून हिरवी जात गोळा केलीत तर हात हलवत परत याल. आर्टेमिसिनिन मिळतं ते आर्टेमिसिया अॅन्युआ या जातीत, आणि आजचे चिनी वनस्पतिशास्त्रज्ञ छिंगहाव हे नाव भलत्याच जातीला देतात. म्हणून नमुन्याची हर्बेरियम शीट (ओळख पटवण्यासाठी कागदावर दाबून वाळवलेली वनस्पती) आधी, फ्लास्क नंतर. भारतात लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने अॅन्युआचे वाण विकसित केले आहेत; खात्रीचा पाला तिथल्या वाणाचा घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम. पाला सावलीत वाळवा आणि जाडसर भरडा. फार बारीक केलात तर गाळणी तुंबते. 100 ग्रॅम भरडीला 500 मिली हेक्झेन हे द्रावक; 24 तास भिजू द्या, खोलीच्याच तापमानाला. मग ताज्या हेक्झेनने पुन्हा एकदा. ईथरचा मोह नको, जुन्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइडं साठतात. (ज्या रेणूच्या मागे आहोत, त्याचं औषधी सामर्थ्यही पेरॉक्साइडच्याच पुलात, म्हणजे दोन ऑक्सिजन अणूंच्या जोडणीत आहे, ही गंमत वेगळी.) द्रावक उडवणाऱ्या रोटाव्हॅप यंत्राचं बाथ 40 अंशांवर ठेवा.

खाली उरतो तो हिरवा, चिकट गोळा. तो थेट कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या, सिलिका भरलेल्या नळीवर) चढवला की मेण सगळीकडे पसरतं. आधी 20 मिली अॅसिटोनायट्राइलमध्ये ढवळा, मेण विरघळत नाही, ते गाळून टाका. द्रावक उडवा, उरलेलं थोड्या सिलिकावर शोषून कोरडं लोड करा. कॉलमला 60–120 मेश (कणांचा आकार) सिलिका, अर्काच्या वजनाच्या तीसपट. निव्वळ हेक्झेनने सुरुवात करून इथाइल अॅसिटेट 5, 10, 15, 20 टक्के असं वाढवत न्या. नारिंगी कॅरोटीन आधी उतरतं. कॉलमचा माथा कोरडा पडू दिलात तर भेग पडलीच समजा.

नवखे सर्वांत जास्त फसतात ते टीएलसीवर, म्हणजे कॉलममधून उतरलेला प्रत्येक भाग (फ्रॅक्शन) सिलिकाच्या पातळ प्लेटवर तपासताना. 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली प्लेट कोरी दिसते, आणि ‘रिकामं फ्रॅक्शन’ म्हणून माल सिंकमध्ये जातो. या रेणूत यूव्ही शोषणारी रचनाच नाही. 85 मिली मिथेनॉल बर्फात ठेवा, त्यात 10 मिली ग्लेशियल अॅसिटिक आम्ल, मग 5 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब सोडा, शेवटी अर्धा मिली अॅनिसाल्डिहाइड. फ्यूम हुडमध्ये फवारून प्लेट 105 अंशांवर तापवा. मग डाग रंग धरतो. शेजारी शुद्ध नमुन्याचा डाग हवाच, कारण बाकीची टर्पिनंही रंगतात.

किती मिळेल? पाल्यात आर्टेमिसिनिन साधारण 0.1 ते 1 टक्का, म्हणजे चांगल्या पाल्यातूनही फार तर ग्रॅमभर. स्फटिक 156 अंशांच्या आसपास वितळायला हवेत. त्याहून बरेच आधी वितळले तर मेण राहिलंय, पुन्हा स्फटिकीकरण करा. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनांचे संकेत दाखवणाऱ्या चाचणीत) 5.86 पीपीएमला एकटा, टोकदार सिंगलेट (न फुटलेलं शिखर) दिसला की मगच वहीत ‘आर्टेमिसिनिन’ लिहा.