कास्ट आयर्न बुलेट: दोघांनी करायची सर्व्हिसिंग आणि मांढरदेवची फेरी

कास्ट आयर्न इंजिनाची ३४६ सीसी बुलेट घरच्या घरी सर्व्हिस करता येते. मात्र सोबत एक धीराचा मित्र हवा, कारण हिची निम्मी कामे दोन हातांनी होत नाहीत. गाडी आदल्या रात्रीपासून उभी असावी. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांमधली फट, पूर्ण थंड इंजिनावरच लावायचे असतात, त्यामुळे सकाळी ‘जरा किक मारून बघू’ हा मोह टाळावा.

गाडी डबल स्टँडवर घेऊन प्लग काढावा आणि चौथा गिअर टाकावा. मित्राने मागचे चाक हळूहळू पुढे फिरवावे व आपण प्लगच्या भोकावर अंगठा धरावा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. त्यात पिस्टन अगदी वर आला की चाक तिथेच थांबवावे. सिलिंडरच्या उजव्या बाजूचे छोटे झाकण काढले की दोन्ही पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या त्या दांड्यांची, खालची टोके दिसतात. रॉड दोन बोटांत धरून सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. खरी अडचण पुढे येते: लॉकनट आवळताना ॲडजस्टर, म्हणजे रॉडची लांबी कमी-जास्त करणारा भाग, हाही त्याच्याबरोबर फिरतो आणि बसवलेले माप जाते. म्हणून ॲडजस्टरवरचा पाना मित्राने घट्ट धरावा आणि नट आपण आवळावा. आवळल्यानंतर रॉड पुन्हा फिरवून पाहावा. पहिल्या वेळी मी तो पाहिला नव्हता आणि पूर्ण सकाळ टकटक ऐकण्यात गेली.

पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे उघडझाप करणारे संपर्क, पूर्ण उघडे असताना त्यांत ०.३५ ते ०.४० मिमी अंतर ठेवावे. त्यांचे तोंड बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर पेट्रोलच्या फडक्याने जरूर पुसावे, कारण राहिलेली भुकटी ठिणगी खाते. कार्बुरेटरचे जेट हवेने साफ करावेत, तार घालू नये.

चेन तपासताना गाडी स्टँडवरून उतरवून मित्राला सीटवर बसवावे. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सर्वांत ताणलेली असेल तिथे सुमारे २५ मिमी ढिलाई ठेवावी. चेन ताणण्यासाठी चाक मागे सरकवले की मागच्या ब्रेकचा रॉडही ताणला जातो, तेव्हा तो लगेच सैल करून पुन्हा लावावा. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवे. शेवटी इंजिन थोडे गरम करून ऑइल बदलावे.

सुरू करताना चावी फिरवून किक सावकाश दाबावी. ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशन लिव्हर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर, ओढून किक किंचित पुढे न्यावी, लिव्हर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग एकदाच पूर्ण मारावी. घाईने मारलेली किक पायावर उलटते.

पहिल्या फेरीसाठी पुण्याहून कापूरहोळ, भोर आणि मांढरदेवमार्गे वाई हा रस्ता मला योग्य वाटतो, कारण त्यात सपाट रस्ता, चढ आणि उतार तिन्ही मिळतात. एकट्याने जाताना पुढच्या टायरात १८ आणि मागच्यात २८ पीएसआय हवा ठेवावी. भोरला चहासाठी थांबाल तेव्हा मागच्या ड्रमजवळ हात न्यावा. ब्रेक फारसा न वापरताही तो तापलेला असेल, तर ब्रेक अडकतो आहे असे समजावे. वाईकडे उतरताना तिसऱ्या-दुसऱ्या गिअरात इंजिनाच्याच ओढीवर उतरावे, कारण तापलेला ड्रम ब्रेक हळूहळू पकड सोडतो.

मित्राला गाडी चालवायला देणार असाल, तर आधी मोकळ्या मैदानात दहा मिनिटे सराव करून घ्यावा. या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली असतो. नव्या गाडीची सवय असलेला माणूस अचानक बैलगाडी आडवी आली की उजवा पाय दाबतो. ब्रेक लागण्याऐवजी गिअर पडतो आणि गाडी धावतच राहते.

घरी आल्यावर सायलेन्सरचे आणि इंजिन माउंटिंगचे नट एकदा आवळून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पुशरॉड पुन्हा बोटांत फिरवून पाहावेत.