कॉलेज फुटबॉलच्या क्वार्टरबॅकवर वाद घालायचाय? मग आधी हे बघून घ्या

सप्टेंबर २०२३. गणपती मंगळवारी बसणार होते आणि त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मखराचं काम चालू होतं, टीव्हीवर अमेरिकन कॉलेज फुटबॉल, मिशिगन विरुद्ध बोलिंग ग्रीन, आणि आमच्या क्वार्टरबॅकने (म्हणजे पास टाकून टीमचा हल्ला चालवणाऱ्या खेळाडूने), जे.जे. मॅकार्थीने, त्या एका गेममध्ये ३ इंटरसेप्शन फेकले, म्हणजे ३ पास थेट समोरच्या टीमच्या हातात. मिशिगन ३१-६ ने जिंकलं, तरी कोलंबसहून आलेला माझा मित्र, पक्का ओहायो स्टेटवाला, हातातली कात्री खाली ठेवून म्हणाला, "हा तुमचा स्टार्टर? याच्या जिवावर नॅशनल चॅम्पियनशिप?" मग जे सुरू झालं ते रात्री दोनपर्यंत आणि मखर अर्धंच राहिलं. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की तो एका प्रश्नावर भांडत होता आणि मी दुसऱ्याच. त्यानंतर आम्ही दोघांनी वाद घालायची एक पद्धत बसवली, ती इथे लिहितोय, कारण शनिवारी फुटबॉल बघणारी आपली मंडळी आता इकडे बरीच आहेत आणि पॉटलकला हा विषय निघतोच निघतो.

तर सगळ्यात आधी समोरच्याला विचारा, "चांगला म्हणजे कशासाठी चांगला?" यात तीन वेगळे प्रश्न आहेत. या टीमला जिंकवायला हा पोरगा पुरेसा आहे का, देशातल्या बाकी क्वार्टरबॅक्समध्ये हा कुठे बसतो, आणि हा पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, चालेल का. टिम टिबोने फ्लोरिडाकडून खेळताना २००७ ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) घेतली, २००८ च्या सीझनला स्टार्टर म्हणून चॅम्पियनशिप जिंकली, कॉलेजात त्याच्यासारखे फार कमी झाले, आणि एनएफएलमध्ये तो टिकला नाही. मग तो चांगला होता की नव्हता? कॉलेजच्या गप्पा असतील तर होताच, विषय संपला. जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेट स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून टीममध्ये आला आणि २०२१, २०२२ अशा सलग दोन चॅम्पियनशिप घेऊन गेला, त्याला "हा एनएफएलचा मटेरियल नाही" म्हणून कमी लेखणारे लोक मला खरंच पटत नाहीत, कारण जॉर्जियाला हवं होतं ते त्याने दिलं ना.

आता आकडे. आकडे आणाच, पण ते कशाचे बनलेत हे माहीत करून आणा.

पासिंग यार्ड्स ऐकून लगेच भारावून जाऊ नका. खेळ जिथून सुरू होतो त्या लाइनच्या मागेच छोटासा स्क्रीन पास दिला आणि रिसीव्हर ६० यार्ड पळाला तर ते सगळे ६० क्वार्टरबॅकच्या खात्यात. उलट रिसीव्हरच्या हातातून बॉल सुटला तर तो इनकम्प्लीट, त्याचा भुर्दंड पण क्वार्टरबॅकलाच. आणि एक गोष्ट जी बऱ्याच जणांना, वर्षानुवर्षं बघणाऱ्यांनाही, माहीत नसते: कॉलेजमध्ये सॅक झाला (पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला लाइनच्या मागेच पाडलं) की गेलेले यार्ड्स क्वार्टरबॅकच्या रशिंगमधून, म्हणजे पळून मिळवलेल्या यार्ड्समधून, वजा होतात, एनएफएलमध्ये तसं नाही. त्यामुळे कुणी म्हणालं "हा पळतच नाही, रशिंग यार्ड्स बघ किती कमी" तर आधी सॅक किती झालेत ते बघा, कदाचित पोरगा छान पळतोय आणि त्याच्या पुढे उभी असलेली त्याच्याच टीमची लाइन त्याला वाचवत नाहीये.

पासर रेटिंग म्हणून जो आकडा टीव्हीवर दाखवतात तो कॉलेजचा वेगळा, एनएफएलचा वेगळा, दोन्हींची तुलना करूच नका. कॉलेजचा घरी काढता येतो: यार्ड्सला ८.४ ने गुणा, प्रत्येक टचडाउन पासचे (ज्या पासवर बॉल समोरच्यांच्या टोकाला पोचतो) ३३०, प्रत्येक कम्प्लीट पासचे १००, हे सगळं मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनचे २०० वजा करा आणि एकूण अटेम्प्ट्सनी भागा. मॅकार्थीचा २०२३ चा सीझन म्हणजे ३३२ पैकी २४० पास पूर्ण, २,९९१ यार्ड्स, २२ टचडाउन, ४ इंटरसेप्शन. करून बघा, १६७.४ येतं. एकदा स्वतः हिशेब केला की कळतं यात काय नाहीये. समोर अलाबामा होती की बोलिंग ग्रीन, हे नाही. स्कोअर ४२-३ असताना फेकलेला टचडाउन की बरोबरीत असताना, हे पण नाही. आणि त्या ४ इंटरसेप्शनमधले ३ एकाच संध्याकाळचे होते हेही त्या आकड्यात दिसत नाही. तुम्ही मॅकार्थीच्या बाजूने असाल तर "बाकी १४ गेम मिळून फक्त एक" असं म्हणाल, विरोधात असाल तर "छोट्या टीमसमोर तीन" म्हणाल, आणि दोन्ही खरंच आहे.

मला विचाराल तर खरी परीक्षा एकच: ज्या वेळी स्टेडियममधल्या सगळ्यांना माहीत आहे की आता पासच टाकावा लागणार, त्या वेळी तो काय करतो? १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. समजा थर्ड डाउन आहे आणि अजून ८ यार्ड मिळवायचेत, टीम मागे आहे, घड्याळ पळतंय, समोरून चार-पाच जण अंगावर येतायत. फर्स्ट डाउनला रनची हूल देऊन टाकलेले पास सोपे असतात म्हणजे तुलनेने सोपे, डिफेन्स फसलेला असतो. पण थर्ड अँड लाँगला सगळे पत्ते उघडे असतात. म्हणून गेम परत बघायला मिळाला तर फक्त थर्ड डाउन्स आणि चौथ्या क्वार्टरचे पास बघा, अर्ध्या तासात होतं, आणि बॉलच्या मागे न जाता क्वार्टरबॅकचे पाय बघा. प्रेशर आल्यावर तो पॉकेटमध्ये (आपल्या लाइनने राखलेल्या जागेत) एक पाऊल पुढे सरकून टाकतो की मागे मागे पळत सुटतो? पहिला रिसीव्हर अडकला तर दुसरा, तिसरा शोधतो का?

याच कसोटीवर पेन स्टेटचा गेम घ्या, कारण मॅकार्थीवरचा सगळ्यात मोठा आरोप तिथूनच येतो. ११ नोव्हेंबर २०२३, मिशिगन २४-१५ ने जिंकलं आणि मॅकार्थीने अख्ख्या गेममध्ये ८ पास टाकले, ७ पूर्ण, ६० यार्ड्स. दुसऱ्या हाफमध्ये तर अधिकृत एकही पास नाही, नुसतं रन, रन आणि रन. माझ्या मित्राचं म्हणणं, कोचला याच्यावर भरोसा असता तर बॉल काढून घेतला असता का? मुद्दा ऐकायला जोरदार आहे पण तो चुकीच्या माणसावर लागतो. पेन स्टेटचा पास रश (क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणारी फळी) खतरनाक होता, आमचा बॉल घेऊन पळणारा ब्लेक कोरम पळून पळून त्यांना दमवत होता, मग उगाच धोका कशाला घ्यायचा, हा कोचचा निर्णय. जे काम दिलंच नाही ते जमलं नाही असं म्हणता येत नाही. पण, आणि हे मला आमच्या बाजूच्या लोकांना सांगावंसं वाटतं, जे काम दिलं नाही ते जमलं असतं असंही त्या गेमवरून म्हणता येत नाही. तो गेम पुराव्यात धरूच नका, ना इकडून ना तिकडून.

"गेम मॅनेजर" हा शब्द आला की थांबा आणि अर्थ विचारा. कुणी तो "चुका करत नाही" या अर्थाने वापरतं, कुणी "स्वतः काही करू शकत नाही" या अर्थाने, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि अर्धे वाद या एका शब्दामुळे लांबतात.

आजूबाजूला कोण आहे ते बघायला विसरू नका. जो बरो या क्वार्टरबॅकचं उदाहरण तर मी कायम देतो. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट) २०१८ ला ५७.८ टक्के पास पूर्ण, १६ टचडाउन, लोक म्हणत होते ठीक आहे, बरा आहे. २०१९ ला तोच पोरगा ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड्स, ६० टचडाउन, टीम १५-०. मधल्या काळात जो ब्रेडी नावाचा कोच आला, नवीन स्प्रेड ऑफेन्स (रिसीव्हर मैदानभर पसरवून खेळायची पद्धत) आला, जामार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर बहरले, आणि बरो स्वतःही एक वर्ष मोठा झाला. यातलं कशामुळे किती, ते कुणालाच वेगळं काढता येणार नाही. म्हणून एका सीझनवरून "हा असाच आहे" असं कुणी म्हणालं की मला बरोच आठवतो.

आणि एका गेमवरून तर मुळीच नाही. मित्राला हे पटायला २०२४ उजाडावं लागलं. ३० नोव्हेंबरला कोलंबसमध्ये आम्ही त्यांना १३-१० ने हरवलं, त्यांच्या विल हॉवर्डने २ इंटरसेप्शन फेकले, तिकडे लोक त्याला बेंचवर बसवा म्हणायला लागले. तोच हॉवर्ड जानेवारीत नोत्र दामविरुद्ध फायनलमध्ये पहिले १३ च्या १३ पास पूर्ण करतो, आणि शेवटी आघाडी फक्त ८ ची उरलेली असताना थर्ड अँड इलेव्हनला जेरेमाया स्मिथला ५६ यार्डांचा पास टाकतो. मी मिशिगनवाला आहे, तरी तो पास बघून उभा राहिलो. थर्ड डाउन, सगळ्यांना माहीत, आणि टाकला.

बॅकअपचं, म्हणजे बेंचवरच्या राखीव क्वार्टरबॅकचं, वेड पण सांभाळून. बॅकअप नेहमीच छान वाटतो कारण तो खेळलेलाच नसतो. २०२२ ला मिशिगनमध्ये केड मॅकनमारा स्टार्टर होता, आदल्याच वर्षी ओहायो स्टेटला हरवून बिग टेन (आमची लीग) जिंकून दिलेला, आणि कोच हार्बॉने पहिला गेम त्याला, दुसरा मॅकार्थीला असं करून मग मॅकार्थीला निवडलं. हवाईविरुद्ध मॅकार्थी १२ पैकी ११ होता. निर्णय बरोबर ठरला, पण हवाईच्या गेमवरून तेव्हा नाचणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ते सिद्ध झालं नोव्हेंबरमध्ये, ओहायो स्टेटला त्यांच्याच घरी ४५-२३, मॅकार्थीचे ३ टचडाउन पास. आणि त्याच सीझनला टेक्सासच्या टीसीयूविरुद्ध त्याचे २ पास थेट समोरच्यांनी परत नेऊन टचडाउन केले, ५१-४५ ने हरलो. आपल्याला नको असलेला गेम पण आपणच टेबलावर ठेवायचा, मग समोरचा तुमचं बाकीचं नीट ऐकतो.

बोलताना एवढं लक्षात ठेवा की क्वार्टरबॅक म्हणजे २० वर्षांच्या आसपासचा पोरगा असतो. त्याच्या खेळाबद्दल हवं तेवढं कडक बोला, त्याच्या अकाउंटवर जाऊन शिव्या घालू नका, आणि घरात लहान मुलं ऐकत असतात हेही लक्षात असू द्या.

शेवटची आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वही. वादाच्या वेळीच लिहून ठेवा की नेमकं काय झालं तर तुम्ही मत बदलाल. आम्ही त्या मखराच्या वादानंतर लगेच लिहिलं होतं. मी लिहिलं, ओहायो स्टेटसमोर दोन इंटरसेप्शन टाकले तर मी गप्प. (त्या गेममध्ये मॅकार्थी २० पैकी १६, इंटरसेप्शन शून्य, ३०-२४.) मित्राने लिहिलं, "मोठ्या टीमसमोर मागे असताना चौथ्या क्वार्टरमध्ये पास टाकून टचडाउन ड्राइव्ह केली तर मानलं." १ जानेवारी २०२४, रोझ बोल, अलाबामा २०, मिशिगन १३, पाचेक मिनिटं उरलेली, बॉल आपल्याच २५ यार्डांवर. चौथा डाउन, २ यार्ड मिळवायचे, कोरमला पास. मग रिसीव्हर रोमन विल्सनला मधून २९ यार्ड. मग पुन्हा विल्सन, टचडाउन, घड्याळात १:३४. ओव्हरटाइममध्ये २७-२० झालं तेव्हा आमच्या घरात नुसता आरडाओरडा होता आणि फोन वाजला, कोलंबसहून एकच मेसेज: "वही काढ, सही करतो."